वाकड्या दाताची जागा

रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या बाईचा चेहरा सुबक आहे, असे त्याच्या मनात आले, आणि ते मत त्याने काही घाई न करता मनातल्या मनात फिरवून पाहिले. तो कवळ्या बनवणारा कारागीर होता. दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवर वाकून बसल्यावर दुपारचा चहा घेऊन लॅबच्या पायरीवर यायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे न्याहाळायचे, ही त्याची जुनी सवय. परक्या माणसाच्या चेहऱ्याविषयी मत बनवण्यात एक निरुपद्रवी चैन असते. त्या मताची झळ कोणालाच लागत नाही. बाई उतारवयाकडे झुकलेली, अंगाने बारीक, मान किंचित कललेली. ओठांची ठेवण चांगली होती, गालांना आतून आधार होता, नाक आणि हनुवटी यांच्यातले अंतर जिथल्या तिथे होते. काउंटरमागच्या मुलीने काहीतरी म्हटले, बाई तोंड उघडून मोकळेपणाने हसली, आणि त्याला वाटले, हे दात आपले आहेत. आपले म्हणजे आपल्या हातचे. एखाद्या शिंप्याला गर्दीत पुढे चाललेल्या माणसाच्या खांद्यावरून आपली शिलाई ओळखू यावी, तसे त्याने ते ओळखले. मग हे दात कोणाच्या तोंडात आहेत, याचा शोध घेत त्याची नजर वर सरकली, आणि तेव्हा कुठे त्याला कळले की ती त्याची बायको आहे.

ती रस्ता ओलांडून आली. हातात औषधांची पुडी होती.

"असं काय बघताय?" तिने विचारले.

"काही नाही. लांबून ओळखलं नाही तुला."

"मग चष्म्याचा नंबर वाढला असेल. दाखवून या एकदा. उद्या भलतीलाच घरी घेऊन याल." ती हसली, आणि पुडी पिशवीत टाकून घराच्या दिशेने चालू लागली.

चष्म्याचा नंबर वाढला नव्हता. हे कारण त्याने सर्वांत आधी तपासले आणि सर्वांत आधी बाद केले. दुकानावरच्या पाटीची बारीक अक्षरे त्याला तिथूनही वाचता येत होती. अंतर म्हणावे, तर रस्ता अरुंद होता. ती तिथे असेल अशी अपेक्षा नव्हती म्हणावे, तर ते दुकान तिच्या नेहमीच्या वाटेवरचे होते. तर्काने एकेक दार लावून घेतल्यावर शेवटी जे दार उघडे राहिले, त्यातून आत पाहायला त्याचे मन तयार होईना. ओळखले नाही, एवढ्यावर भागले असते तर विशेष काही नव्हते. माणसे स्वतःच्या घरचा जिनाही कधी चुकतात. पण न ओळखता त्याला ती आवडली होती. 'सुबक' हा शब्द तिच्याविषयी त्याच्या मनात संसाराच्या इतक्या वर्षांत एकदाही उमटला नव्हता. आज तो उमटला, तो ती परकी वाटली म्हणून, आणि ती त्याची आहे असे कळताच विझला. उरले ते जिना उतरताना अंधारात एक पायरी कमी निघावी तसे काहीतरी. चहा संपला होता. कप हातात धरून तो तसाच उभा राहिला, आणि तिची पाठ वळणावर दिसेनाशी झाल्यावर त्याच्या मनात आले की, आता ही जर परत फिरून समोर आली, तर आपण नेमके काय पाहून तिला ओळखू?

डोळा फसतो, हे त्याच्या धंद्यातले पहिले शिक्षण होते. ज्या म्हाताऱ्या मालकाच्या हाताखाली तो हे काम शिकला, त्याने छटांच्या पट्टीवरून दाताचा रंग जुळवायला शिकवताना एक करडा पुठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला होता. 'दाताकडे टक लावून बघायचं नाही,' म्हातारा म्हणे. 'एक नजर टाक, ठरव, आणि लगेच पुठ्ठ्याकडे बघ. डोळा आळशी असतो. जे समोर राहील त्यालाच बरोबर म्हणायला लागतो.' आणि ते खरेच होते. दिवसभर पांढऱ्याशुभ्र दातांचे काम केले की संध्याकाळी घरी आईचे दात त्याला पिवळे दिसत. तेच दात सकाळी नुसते दात असत. पुढेपुढे गिऱ्हाइकांच्या मागण्या बदलत गेल्या तेही त्याने पाहिले होते. आधी माणसे म्हणत, माझे जसे होते तसे करा. मग म्हणू लागली, जरा एकसारखे करा. नंतर जाहिरातीतल्या कोणा हसऱ्या बाईचा फोटो घेऊन येऊ लागली, आणि लॅबसमोरच्या भिंतीवर त्याच बाईचे हसू मजलाभर उंचीचे होऊन बसले. ज्या छटेला पूर्वी लॅबमधले सगळे 'कृत्रिम' म्हणून नाक मुरडत, ती हळूहळू सर्वांत जास्त खपू लागली, आणि एके दिवशी त्याच्या ध्यानात आले की आपल्यालाही आता पूर्वीची छटा मळकट वाटते. कोणी त्याला पटवून दिले नव्हते. वाद झाला असता तर त्याने कसून वाद घातला असता. वाद घालण्यात तो कोणाला हार जाणारा नव्हता. पण डोळ्याशी कोणी वाद घातलाच नाही, त्याला नुसते दाखवत राहिले. रंगाच्या बाबतीत हे सारे त्याला ठाऊक होते. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र आपण जे पाहतो ते तिथे असते, असे तो इतकी वर्षे गृहीत धरून चालला होता. चेहऱ्याकडे पाहून थकलेली नजर ज्यावर टेकवावी असा करडा पुठ्ठा त्याच्या घरात कोणी ठेवला नव्हता.

त्याच्या घरात होती ती अक्का. थोरली बहीण, आणि घरातले रूपाचे माप. नवे बाळ जन्मले की अक्कासारखे गोरे आहे का, शेजारी नवी सून आली की अक्काइतकी उंच आहे का, असेच सगळे बोलत. आई तर त्याच्या नाकावरून अंगठा फिरवत म्हणे, 'हिचं बघ कसं तरतरीत आहे, तुझंच मेलं कुठून आलं!' ती हे लाडाने म्हणे, आणि लाडात म्हटलेले खोटे कसे मानायचे? त्यामुळे अक्काने एखाद्याला चांगले म्हटले की ते चांगले, आणि तिने ओठ मुडपले की त्या माणसात काहीतरी कमी. ही सत्ता अक्काने मागून घेतलेली नव्हती. ती बिचारी आरशासमोर उभी राहून फक्त वेणी घालत असे. पण त्याच्या डोळ्यांना पाहायला कोणी शिकवले असेल, तर ते तिने. म्हाताऱ्या मालकाच्या हाती ते डोळे फार उशिरा पडले.

लग्न ठरण्याआधी दोन्ही घरची माणसे एकदा भेटली होती. मुलीकडच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या म्हणून आतून एक स्टूल आणले, ते नेमके त्याच्या वाट्याला आले, आणि त्याचा एक पाय लंगडा होता. तो डुगडुगला. सगळ्यांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिले. ती मात्र हसली. खिल्ली उडवल्यासारखे नाही. आपल्या घरातल्या त्या स्टुलाची खोड तिला माहीत होती आणि आता ती त्यालाही माहीत झाली, एवढेच त्या हसण्यात होते. त्या क्षणी त्याने काय पाहिले होते? त्याला आठवतो तो एक उजेड, खिडकीचा असेल किंवा नसेल, आणि ते हसणे एकीकडून किंचित अडखळून मग पूर्ण उघडले, दार जरा अडकून उघडावे तसे. परतताना टॅक्सीत तो पुढच्या सीटवर बसला होता. मागे आई, वडील आणि अक्का. मान वळवून तो म्हणणार होता की मुलगी हसते छान. शब्द तोंडात तयार होते. तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला, "बाकी सगळं ठीक आहे. फक्त हसली की तो एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसतो." वडील म्हणाले, "आता दात कोण बघत बसणार?" आई म्हणाली, "हा आहे की दात बघणारा!" आणि टॅक्सीत मोठा हशा पिकला. तोही हसला. त्याचे वाक्य गिळले गेले. पुढे आयुष्यभर त्याने ते वाक्य कोणालाच ऐकवले नाही; आणि न बोललेले मत, ते कितीही खरे असले, तरी बोललेल्या मतापुढे टिकत नाही. पुढच्या भेटीत ती हसली, तेव्हा त्याला हसू दिसलेच नाही. दात दिसला.

ती घरात आल्यावर हे फार काळ तिच्यापासून लपून राहणे शक्य नव्हते. स्वयंपाकघरात सगळ्या बायका जमल्या असताना अक्का म्हणाली होती, "अगं, एवढा दातांचा कारागीर नवरा मिळालाय, बसवून घे की तो सरळ! फुकटात होईल." वाईट हेतू नव्हताच, सगळ्याजणी हसल्या, नवी सूनही हसली, आणि हसता हसता तिचा हात तोंडापाशी गेला. दारात उभा राहून त्याने ते पाहिले. तो हात मग तिथेच राहिला. माणसे टाळ्या देतात, कपाळाला हात लावतात, तशी ती हसताना तोंडावर हात धरू लागली, आणि काही वर्षांनी कोणी विचारले असते तर ती तिची लकब आहे असेच त्याने सांगितले असते. तो कधी तिला लागेल असे बोलला नाही, याचा त्याला अभिमान होता. ती हसू लागली की तो नजर जरा बाजूला नेई, तिच्या कानातल्या कुड्यांवर किंवा मागच्या भिंतीवर. हा शिष्टाचार आहे असे तो समजे. व्यंगाकडे पाहू नये, असे त्याला लहानपणी शिकवले होते. ते व्यंग आहे की नाही हा प्रश्न त्या शिकवणुकीत बसत नव्हता.

मग तिच्या हिरड्या गेल्या. साखरेचा आजार होता, दात एकामागून एक हलू लागले, आणि शेवटी डॉक्टरांनी सगळेच काढायला सांगितले. या डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या मुलीसारख्या. त्यांच्या दवाखान्याची सगळी कामे त्याच्याकडे येत आणि त्या त्याला काका म्हणत. काढण्याआधी त्यांनी विचारले होते, "काका, जुन्या दातांचं माप घेऊन ठेवायचं ना? नेहमी घेतो आपण." सगळ्याच रोग्यांचे घेत. जुन्या दातांची प्लास्टरची प्रतिकृती समोर असली की नवी कवळी त्या माणसाच्या वळणावर जाते, हे त्यानेच अनेक नवख्या डॉक्टरांना सांगितलेले. पण तेव्हा तो म्हणाला, "कशाला उगीच हलत्या दातांना त्रास? तिचं तोंड मी पाहत आलोय, डॉक्टर. मला माप नको." हे बोलताना त्याला आपण प्रेमाने बोलत आहोत असे वाटले होते, आणि त्याच दमात, मनाच्या जरा मागच्या बाजूला, आता तो दात परत यायचे कारण नाही असेही वाटले होते. दोन्ही खरे होते. माणसाच्या मनात दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना न ओळखता शेजारी राहू शकतात.

मेणात दात बसवून तोंडात घालून पाहतात, त्या दिवशी तो स्वतः दवाखान्यात गेला. त्या अवस्थेत सगळे बदलता येते. मेण जरा गरम केले की दात हवा तसा फिरतो. पक्की कवळी एकदा शिजून बाहेर आली की मग काही चालत नाही. डॉक्टरीणबाईंनी ती मेणाची कवळी तिच्या तोंडात घातली, मागे सरून पाहिले, आणि त्या म्हणाल्या, "काका, काम सुंदर आहे. पण थोडं वाकडं ठेवा ना कुठेतरी. काकूंचा चेहरा वाटत नाहीये."

"वाकडं कशासाठी?" तो म्हणाला. "निसर्गाला जमलं नाही ते आपल्यालाही जमू नये, असा नियम आहे का?"

"नियम नाही, पण..."

"मधली रेषा बघा. सुळ्यांची उंची बघा. ओठ कसा सुटलाय बघा. सौंदर्य म्हणजे दुसरं काय असतं, डॉक्टर? प्रमाणच ना? की ज्याला जशी सवय, तसं त्याचं सौंदर्य? मग तर उद्या पडक्या दातांनाही सुंदर म्हणावं लागेल."

"म्हणतात की लोक," त्या म्हणाल्या. "आमचे आजोबा बोळक्या आजीला चिडवायचे, आता खरी दिसायला लागलीस म्हणून."

"ती थट्टा झाली. थट्टा म्हणजे युक्तिवाद नव्हे."

त्यांनी हात टेकले, आणि आरसा तिच्या हातात दिला. "काकू, तुम्ही सांगा. तुम्हाला कसे वाटतात?"

तिने आरशात पाहिले, तेही एखाद्या दुसऱ्याच्या फोटोकडे पाहावे तसे, आणि आरसा परत देत म्हणाली, "यांना विचारा. बघायचेत त्यांनाच." तेव्हा ते उत्तर त्याला संमतीसारखे ऐकू आले. आज लॅबमध्ये परत येऊन टेबलाशी बसल्यावर तेच शब्द त्याने पुन्हा एकदा ऐकले, आणि त्यात संमती कुठे होती ते त्याला सापडेना.

नवे दात आल्यानंतर काही महिने तिचा हात तोंडापाशी जात राहिला, आणि मग एके दिवशी जायचा थांबला. ती हसू लागली. भाजीवालीशी, बसच्या वाहकाशी, आज त्या दुकानातल्या मुलीशी. हे आपण तिला दिले, असे तो स्वतःशी म्हणे. मग आज असे का व्हावे, की ते हसू समोरासमोर पाहून त्याला सुबक एवढेच वाटावे, आणि जिच्यापायी एका डुगडुगत्या स्टुलावर बसून त्याने आयुष्याचा निर्णय घेतला होता, ती त्यात कुठे दिसू नये? एकीकडून अडखळून उघडणारे ते दार, तो अडथळाच तर हसणे होता. त्यानेच तो तासून काढला होता. आणि मग, जसा एखादा दिवस उशिरा उजाडतो, तसे त्याच्या मनात आले की अडथळा परत ठेवता येईल. दुसरी कवळी करायची. दात काढल्यावर घेतलेले तिच्या मोकळ्या जबड्याचे साचे लॅबमध्ये होतेच. एक दात किंचित फिरवून शेजारच्यावर चढवायचा. हाताचे काम म्हणून त्यात काहीच अवघड नव्हते.

त्याने साचा काढला, मेण लावले, दात बसवत आणले, चिमटा ज्योतीवर धरला, आणि त्याचा हात थांबला. कोणत्या बाजूचा?

आधी त्याला वाटले, हा क्षणिक विसर आहे. लॅबमधून गेलेली तोंडे तो विसरत नसे. निवृत्त शिक्षकाची दबलेली उजवी दाढ, गाणाऱ्या बाईच्या पुढच्या दोन दातांतली फट, सगळे त्याला पाठ होते. त्याने डावीकडचा दात फिरवला आणि पाहिले. पटण्यासारखे होते. मेण गरम करून तो सरळ केला आणि उजवीकडचा फिरवला. तेही तितकेच पटण्यासारखे होते. सुळ्याच्या अलीकडचा की मधल्यालगतचा? शेजाऱ्याच्या पुढे चढलेला की मागे दडलेला? डोळे मिटून त्याने तिला हसवून पाहिले, स्टुलावरून, ताटावरून, अंथरुणात, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला. आणि प्रत्येक वेळी त्याच्या आठवणीतली नजर अगदी शिष्टाचाराने बाजूला सरकून तिच्या कुड्यांवर गेली. कुड्या त्याला आठवत होत्या. डाव्या कुडीतला एक मोती जरा खाली उतरलेला होता, हेही आठवत होते. जो दात त्याने सगळी वर्षे पाहिला अशी त्याची समजूत होती, तो त्याने पाहिलाच नव्हता. त्याने सगळी वर्षे एक वाक्य पाहिले होते, टॅक्सीच्या मागच्या सीटवरून आलेले. वाक्याला डावी-उजवी बाजू नसते. घरातल्या फोटोंची त्याने मनात उजळणी केली, आणि ती अर्ध्यातच सोडली. एकूण एक फोटोत तिचे ओठ मिटलेले होते.

तेव्हा त्याने अक्काला फोन लावला. ज्याने दोष काढला, त्याला तो निदान नीट दिसला असेल, असा त्यामागे हिशोब होता.

"आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" अक्का म्हणाली. आवाज थकला होता, तोरा तोच होता. "माझी आठवण झाली? की कोणी गेलं?"

"कोणी गेलं नाही. अक्का, एक विचारायचं होतं. हिचा तो दात, वाकडा होता बघ, तो कोणत्या बाजूचा होता?"

"कसला दात?"

"एकावर एक चढलेला. तू म्हणाली होतीस ना, टॅक्सीत, आपण हिच्या माहेरून परत येताना."

"मी? काहीतरीच! मी कशाला कोणाच्या दाताला नावं ठेवू? माझ्याच दातांना आई फावडी म्हणायची, ते विसरलास होय रे? तोंड मिटून फोटो काढायचे माझे."

"तुझ्या दातांना? तुझं तर सगळं..."

"माझं सगळं काय? लोकांसमोर अक्का अशी, अक्का तशी, आणि घरात दार लावलं की हे फावडं आत घे. तुम्हा मुलग्यांना काय ठाऊक!" ती जरा थांबली. "तुझ्या बायकोचे दात मला तर काही वाईट आठवत नाहीत. खरं सांगायचं तर दातच आठवत नाहीत. तोंडावरचा हात आठवतो."

"तू म्हणाली होतीस, अक्का. सगळे हसले होते."

"बरं बाबा, म्हणाले असेन. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोर मी, मागे बसून काहीतरी बडबडले असेन. आणि समजा म्हटलं, तर तुला डोळे नव्हते?"

त्याने फोन ठेवला. रागवायला कोणी उरले नव्हते, ही त्यातली सर्वांत कठीण गोष्ट होती. जे वाक्य तो आयुष्यभर सांभाळत आला, ते बोलणारीने केव्हाच टाकून दिले होते. आणि ते तिचेही नव्हते. आईने मुलीच्या तोंडात घातले, मुलीने एका परक्या मुलीच्या तोंडावर फेकले, त्याने झेलले. आईच्या तोंडात ते कोणी घातले असेल? असा माग काढत गेले तर पाहणारे कोणी सापडणारच नाही, सगळे नुसते सांगणारे सापडतील. पण हा युक्तिवाद त्याला जितका निर्दोष वाटला, तितकाच निरुपयोगीही वाटला. तुला डोळे नव्हते का, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. त्याने ज्योत विझवली, मेणाची कवळी दोन्ही बाजूंनी सरळ करून ओल्या फडक्याखाली ठेवली, आणि नेहमीपेक्षा लवकर लॅबला कुलूप घातले.

ती वाळलेले कपडे दोरीवरून काढून खाटेवर टाकत होती. खोलीत उन्हाचा आणि साबणाचा वास होता.

"आज लवकर?" ती म्हणाली. "बरं वाटत नाही का?"

"मी तुला दुसरी कवळी करणार आहे," तो म्हणाला. वाटेत त्याने बरीच प्रस्तावना जुळवली होती. तिच्यातले एकही वाक्य तोंडाशी आले नाही.

"का? ही तुटलीय कुठे?"

"तुटली नाही. फार सरळ झालीय. तुझा तो दात होता ना, तसा करतो. पहिल्यासारखा."

तिच्या हातात त्याचा सदरा होता. तो तिने सावकाश घडी केला, कॉलर दाबून बसवली, बाजूला ठेवला.

"तो दात तोंडात होता, तेव्हा तुम्हाला नको होता," ती म्हणाली. "आता नाही, तर हवाय. मी काय करू? दर वेळी नवं तोंड लावून बसू?"

"मी कधी म्हटलं नको होता म्हणून? एकदा तरी बोललो का?"

"बोलला नाहीत. बोलला असतात तर भांडले असते मी." तिने दुसरा सदरा उचलला. "बाहेर पहिल्यांदा अशी हसले ना, तर ती दुकानातली पोरगी म्हणाली, काकू, तुम्ही हसता किती! मला काय वाटलं सांगू? वाटलं, आता हे दात माझे नाहीत, तर हसायला काय हरकत आहे? कोणी काही बोललं तर तुम्हाला बोलेल. काम तुमचं."

पण ज्यासाठी तो आला होता, ते अजून विचारायचे राहिले होते, आणि ते विचारल्याशिवाय त्याला तिथून हलता येणार नव्हते. एवढे कळले असते तर कवळी केली नसती तरी चालले असते. एवढे कळले असते, तर एकदा तरी डोळे मिटून ते हसणे पूर्ण उघडताना पाहता आले असते.

"नाही करत," तो म्हणाला. "फक्त एक सांग. कोणत्या बाजूला होता तो?"

तिने त्याच्याकडे पाहिले. आधी तिला प्रश्न कळला नाही, हे त्याला दिसले. आणि मग तो कळत गेला, हेही दिसले. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याला सोपे गेले असते. आले ते नवल, आणि त्या नवलामागून, एखादी गोष्ट बऱ्याच दिवसांनी जागेवर बसावी तसे काहीतरी.

"तुम्हाला ठाऊक नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्हाला. अख्ख्या गावाच्या दाढा पाठ आहेत तुम्हाला."

"नाही गं. खरंच नाही."

मग खाटेवरून मोठी चादर ओढून तिने दोन टोके हातात घेतली आणि उरलेली दोन त्याच्यापुढे केली. "धरा," ती म्हणाली. त्याने धरली. दोघे खोलीच्या दोन भिंतींपर्यंत मागे सरले, चादर ताणून झटकली, आणि घडी घालायला एकमेकांकडे आले.

"सांगणार नाहीस?" त्याने विचारले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "रोज जीभ लागायची त्याला. अजून जाते तिथे. काही नसतं, तरी जाते." पुन्हा मागे सरून त्यांनी चादर ताणली. "पण सांगायचं नाही. इतके दिवस तो तुमचा होता, तुमच्या आईचा होता, वन्संचा होता. मी नुसती घेऊन फिरत होते. आता तेवढा माझा राहू दे."

ते पुन्हा जवळ आले. घडी लहान होत होती, आणि प्रत्येक वेळी दोघांमधले अंतर निम्मे होत होते. शेवटच्या घडीला तिचा चेहरा त्याच्या इतका जवळ आला की तिच्या पापण्यांचा एक केस गालावर पडलेला त्याला दिसला. त्याने नजर बाजूला नेली नाही. तो पाहत राहिला, बारकाईने, जितके येत होते तितके सगळे लावून. आणि समोर जे होते ते सुंदर आहे की नाही, हे त्याला कोणत्याही बाजूने ठरवता आले नाही. ती खाली, चादरीच्या काठाकडे पाहत होती. काठाला काठ जुळला, तेव्हा तिने त्याच्या बोटांतून टोके काढून घेतली, घडी छातीशी धरली, आणि ती आतल्या खोलीत ठेवायला गेली.